चांद्रयान-३ चाळीस दिवस प्रवास करत नव्हतं

गेल्या आठवड्यात बारावीच्या माझ्या वर्गातल्या एका मुलीनं मला एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली विचारलं, "मॅडम, हे खरं आहे का?" तो मेसेज मला नवीन नव्हता. २०२३च्या ऑगस्टपासून तो सोसायटीच्या ग्रुपवर आला, नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, आणि चंद्राची काही बातमी आली की पुन्हा डोकं वर काढतो. आता विद्यार्थिनीनं विचारलं आहे, तेव्हा मुद्देसूद उत्तर द्यायलाच हवं.

मेसेजचा आशय असा. अमेरिकेचं अपोलो-११ १९६९ साली चार दिवसांत चंद्रावर उतरलं. आपल्या चांद्रयान-३ला २०२३ साली चाळीस दिवस लागले. म्हणजे चोपन्न वर्षांनंतरही आपलं रॉकेट दहापट हळू. नाहीतर मग अपोलो खोटं, स्टुडिओत चित्रित केलेलं. रशियाचं लुना-२५ आपल्यानंतर चार आठवड्यांनी निघालं आणि आपल्याआधी उतरणार होतं. सरळ चंद्राकडे जायचं सोडून आपलं यान पृथ्वीभोवती घिरट्या घालत बसलं, त्यात वेळ गेला आणि इंधनही. शेवटी एक आकडेमोड: नासाचं पार्कर यान ताशी सात लाख किलोमीटर वेगानं जातं, त्या वेगानं चंद्र जेमतेम अर्ध्या तासावर आहे.

यातले आकडे जवळपास सगळे खरे आहेत, म्हणूनच हा मेसेज टिकून आहे. शंका आली म्हणून कुणी तपासायला गेलं तर चार दिवस बरोबर निघतात, चाळीस दिवस बरोबर निघतात, लुनाच्या तारखाही बरोबर निघतात. चूक आहे ती या आकड्यांवरून काढलेल्या अर्थात.

"पार्करच्या वेगानं चंद्र अर्ध्या तासावर"

शेवटचा मुद्दा आधी घेते. तो लवकर संपतो आणि पुढचं समजायला उपयोगी पडतो.

पार्कर यान १२ ऑगस्ट २०१८ रोजी निघालं. २४ डिसेंबर २०२४ रोजी ते सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवरून गेलं आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे ६ लाख ९० हजार किलोमीटर होता. हा वेग त्याला रॉकेटनं दिलेला नाही. सूर्यानं दिला. यान लांबट कक्षेतून सूर्याकडे कोसळत जातं, जवळ आलं की वेग प्रचंड वाढतो, दूर गेलं की पुन्हा उतरतो. एवढ्या जवळ जाता यावं म्हणून सहा वर्षांत सात वेळा शुक्राजवळून जाऊन कक्षा थोडी थोडी आत ओढावी लागली. तो वेग घेऊन चंद्राकडे वळण्याचा मार्गच नाही. बोरघाट उतरणाऱ्या ट्रकचा वेग मोजायचा आणि त्यावरून तोच ट्रक भरलेल्या मालासकट घाट किती वेळात चढेल ते सांगायचं, तसं हे आहे. पृथ्वीवरून चंद्राकडे जाणं म्हणजे चढण. अगदी शेवटचा थोडा भाग सोडला तर सगळी चढण.

आपण शाळेत अंतर भागिले वेग बरोबर वेळ असं शिकतो आणि ते एसटीला लागू पडतं, कारण चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर असतो. अवकाशात इंजिन काही मिनिटं चालतं आणि बंद होतं. पुढचा सगळा प्रवास फेकलेल्या दगडाचा. अपोलो-११ पृथ्वीजवळून सेकंदाला सुमारे १०.८ किलोमीटर वेगानं निघालं. तोच वेग टिकला असता तर चंद्र दहा तासांत आला असता. प्रत्यक्षात ७३ तास लागले, कारण पृथ्वी यानाला सारखी मागे ओढत होती. चंद्राची ओढ वरचढ व्हायच्या सुमारास यानाचा वेग सेकंदाला एक किलोमीटरच्याही खाली आला होता.

"आपलं रॉकेट दहापट हळू"

आता मुख्य दावा. चाळीस दिवसांचा हिशेब तारखांनी मांडू.

चांद्रयान-३ श्रीहरिकोट्याहून १४ जुलै २०२३ रोजी दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी निघालं. एलव्हीएम-३ रॉकेटनं त्याला साधारण सोळा मिनिटांत पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडलं. जवळचं टोक १७० किलोमीटर उंचीवर, लांबचं टोक सुमारे ३६,५०० किलोमीटरवर. तिथून ३१ जुलैपर्यंत यान पृथ्वीभोवतीच फिरत होतं. ३१ जुलै आणि १ ऑगस्टच्या मधल्या रात्री, बारानंतर, इंजिन चालवून ते चंद्राकडे निघालं. ५ ऑगस्टला संध्याकाळी सातच्या सुमारास ते चंद्राच्या कक्षेत शिरलं. त्या वेळी इस्रोनं यानाच्या तोंडी घातलेलं वाक्य अनेकांना आठवत असेल, मला चंद्राचं गुरुत्वाकर्षण जाणवतंय. पुढचे अठरा दिवस ते चंद्राभोवती होतं आणि २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी त्याचा विक्रम लँडर चंद्रावर उतरला.

म्हणजे पृथ्वी सोडून चंद्र गाठण्याचा जो खरा प्रवास, त्याला लागले पाच दिवसांहून थोडे कमी. साधारण ११५ तास. अपोलो-११ला याच टप्प्याला ७३ तास. तुलना करायचीच तर या दोन आकड्यांची करावी. कुणी पुण्यात चार दिवस तयारी केली, रात्रीच्या गाडीनं नागपूरला गेलं आणि तिथे आठवडाभर राहिल्यावर लग्नाला उभं राहिलं, तर पुणे-नागपूर प्रवासाला बारा दिवस लागले असं आपण म्हणत नाही.

आता ११५ आणि ७३ मधला फरक तरी वेगाचा आहे का? आहे, पण किती ते बघण्यासारखं आहे. दोन्ही यानांच्या जाहीर झालेल्या कक्षा आणि वेग घेऊन मी गणित केलं. अपोलोचं इंजिन बंद झालं ते ३३४ किलोमीटर उंचीवर आणि चांद्रयानाचं त्याहून खाली, म्हणून दोघांना कागदावर एकाच उंचीवर आणलं, २३६ किलोमीटरवर. चांद्रयान-३ येतं सेकंदाला सुमारे १०.८८ किलोमीटर. अपोलो-११ येतं सुमारे १०.९१. फरक सेकंदाला तीस-पस्तीस मीटरचा. शंभरात अर्धासुद्धा नाही. दहापट हळू म्हटलेलं यान अपोलोच्या जवळपास बरोबरीच्या वेगानं पृथ्वी सोडून गेलं आहे.

एवढ्याशा फरकानं बेचाळीस तास कसे वाढतात, हे मला फळ्यावर समजावता आलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलीला आणि तिच्या मैत्रिणीला घेऊन मी कॉलेजच्या चौकात गेले. मैत्रीण पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी राहिली, आणि खालून हिनं प्रयोगशाळेच्या किल्ल्यांचा जुडगा वर फेकायचा. आपल्याकडे इमारतीखाली उभं राहून किल्ली वर फेकणं कुणी केलेलं नाही असं नाही. पहिल्या वेळी जुडगा कठड्याच्या हातभर खालूनच परतला. दुसऱ्या वेळी हिनं जोर लावला, तो खणखणत थेट वरच्या हाताकडे गेला, आणि मैत्रिणीनं घाबरून हात मागे घेतला. तिसऱ्यांदा जमलं. जुडगा कठड्याशी आला, क्षणभर हवेत थांबल्यासारखा झाला, आणि तिनं तो अलगद उचलला. तिसऱ्या फेकीचा जोर दुसरीपेक्षा फार कमी नव्हता. पण सगळा उशीर शेवटच्या हातभर अंतरात झाला, जिथे वेग संपत आलेला असतो.

चांद्रयान-३ची फेक ही अशी तिसरी फेक होती. १ ऑगस्टला मिळालेल्या कक्षेचं लांबचं टोक ३ लाख ६९ हजार किलोमीटरवर, म्हणजे जेमतेम चंद्रापर्यंत. अपोलोची फेक चंद्र वाटेत नसता तर साडेपाच लाख किलोमीटरच्या आसपास गेली असती. जोराची फेक लवकर पोचते, पण ती झेलायला वर जोर लागतो. अपोलोला चंद्राच्या कक्षेत थांबण्यासाठी जवळपास सहा मिनिटं मोठं इंजिन उलट दिशेनं चालवून सेकंदाला सुमारे ८९० मीटर वेग मोडावा लागला.

झेलायचंच नसेल तर चंद्र आणखी लवकर गाठता येतो. सोव्हिएत संघाचं लुना-१ १९५९च्या जानेवारीत निघालं आणि ३४ तासांत चंद्रापाशी पोचलं. पण त्याची चंद्राशी गाठ पडली नाही, सुमारे सहा हजार किलोमीटर अंतरावरून ते पुढे निघून गेलं. २००६ साली प्लूटोकडे निघालेल्या न्यू होरायझन्सनं चंद्राची कक्षा नऊ तासांच्या आत ओलांडली. तेही थांबायला निघालेलं नव्हतं, पुढे साडेनऊ वर्षांनी प्लूटोजवळूनसुद्धा ते न थांबताच गेलं. किती दिवसांत पोचलं हा प्रश्न, तिथे पोचून काय करायचं होतं हे विचारल्याशिवाय अर्धाच राहतो.

"घिरट्या घालण्यात वेळ घालवला"

हा मेसेजमधला सगळ्यात दुखणारा भाग. यामागे सुरेख भौतिकशास्त्र आहे आणि ते बारावीच्या अभ्यासक्रमातल्या गोष्टींनी समजतं.

अपोलोचं सॅटर्न-५ रॉकेट ११० मीटर उंच आणि सुमारे २,९०० टन वजनाचं. एलव्हीएम-३ची उंची साडेत्रेचाळीस मीटर, वजन ६४० टन. सॅटर्नचा तिसरा टप्पा पृथ्वीच्या कक्षेत एकदा थांबून पुन्हा पेटत असे आणि सहा मिनिटांत यानाला सगळा वेग देऊन मोकळा होत असे. त्याचा रेटा नऊ लाख न्यूटनच्या आसपास. चांद्रयान-३च्या प्रणोदन कक्षाचं, म्हणजे विक्रमला चंद्रापर्यंत नेणाऱ्या भागाचं, मुख्य इंजिन ४४० न्यूटनचं. चारशे चाळीस न्यूटन म्हणजे पंचेचाळीस किलोचं पोतं उचलून धरायला लागेल तेवढा जोर. आणि तो जोर लावायचा ३,९०० किलोच्या यानाला. न्यूटनचा दुसरा नियम लावा, त्वरण येतं सेकंदाला सेकंदाला अकरा सेंटीमीटर.

गंमत पुढे आहे. एलव्हीएम-३नं पहिल्या सोळा मिनिटांतच यानाला जवळच्या टोकाशी सेकंदाला सुमारे १०.३ किलोमीटर वेग दिला होता. चंद्राकडे सुटण्यासाठी लागतो १०.९च्या जवळ. म्हणजे उरलेलं काम अवघं सहाशे-साडेसहाशे मीटर प्रति सेकंदाचं, आणि त्याला सतरा दिवस लागले. ४४० न्यूटनच्या इंजिननं तेवढा वेग एका दमात द्यायचा तर ते सलग दीड तास चालवावं लागेल. मग चालवायचं की. अडचण ही की पृथ्वीजवळचं टोक यान काही मिनिटांत ओलांडतं आणि दीड तासात हजारो किलोमीटर दूर जातं. आणि दूर जाऊन चालवलेलं इंजिन तेवढ्याच इंधनात फार कमी काम करतं.

का, ते पाहा. काम म्हणजे बल गुणिले विस्थापन. बल तेच, ४४० न्यूटन. पृथ्वीजवळ यान सेकंदाला दहा किलोमीटर पळत असतं, तेव्हा एका सेकंदात ते बल दहा किलोमीटरभर काम करतं. त्याच पहिल्या कक्षेच्या लांबच्या टोकाशी यानाचा वेग सेकंदाला दीड किलोमीटरच्या थोडा वर. तिथे एका सेकंदाचं इंधन जाळलं तर तेच बल दीड किलोमीटरभरच काम करणार. इंधन सारखं, काम एक षष्ठांशाहूनही कमी. म्हणून यान पृथ्वीजवळ आलं की इंजिन थोडा वेळ चालवायचं, बंद करायचं, पूर्ण फेरी मारून ते परत जवळ येईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा चालवायचं. १५ जुलैला लांबचं टोक ४१,७०० किलोमीटरच्या वर गेलं. २० जुलैला ७१ हजारांवर. २५ जुलैला १ लाख २७ हजारांवर. पहिली फेरी पावणेअकरा तासांची होती, शेवटच्या फेऱ्या दोन दोन दिवसांहून मोठ्या. सतरा दिवस त्या फेऱ्यांत गेले. इंजिन त्यातला फारच थोडा वेळ चालू होतं.

घिरट्या हा शब्द मला म्हणूनच खटकतो. घिरट्या घारीच्या असतात, ती कुठे जात नसते. इथे प्रत्येक फेरीत यान आधीच्यापेक्षा वर जात होतं.

या पद्धतीचा आणखी एक फायदा आपण मंगळयानाच्या वेळी पाहिला आहे. ११ नोव्हेंबर २०१३ला कक्षा वाढवण्याच्या चौथ्या प्रयत्नात इंजिननं कमी वेग दिला. लांबचं टोक एक लाख किलोमीटरवर जायचं होतं, ते ७८ हजारांच्या आसपासच राहिलं. यान पृथ्वीच्या कक्षेतच होतं, त्यामुळे काही बिघडलं नाही. दुसऱ्याच दिवशी इंजिन पुन्हा चालवून टोक १ लाख १८ हजारांवर नेलं, आणि २४ सप्टेंबर २०१४ला यान मंगळाच्या कक्षेत शिरलं.

मग अपोलोनं असं का केलं नाही? त्यात तीन माणसं होती. त्यांना श्वास घ्यायचा होता, खायचं-प्यायचं होतं, परत यायचं होतं, आणि सगळी मोहीम आठ दिवसांत आटोपायची होती. शिवाय पृथ्वीभोवती व्हॅन ॲलन पट्टे आहेत, भारित कणांनी भरलेले. कक्षा हळूहळू वाढवत नेणारं यान प्रत्येक फेरीत ते दोनदा ओलांडतं. यंत्र त्यासाठी बांधता येतं. माणसांना त्यातून एकदाच आणि झटकन काढणं शहाणपणाचं. म्हणून अमेरिकेनं सुमारे पंचेचाळीस टन वजन एका दमात चंद्राकडे ढकलणारं रॉकेट बांधलं.

इथे आपल्याकडच्या उलट्या मेसेजलाही अडवायला हवं. "आपण इतक्या कमी इंधनात गेलो, अमेरिकेनं नुसती उधळपट्टी केली" असंही फिरतं. तेही खरं नाही. चार टनांचं मानवविरहित यान आणि तीन माणसांना नेऊन परत आणणारं पंचेचाळीस टनांचं यान ही वेगळी कामं आहेत आणि दोन्हीकडच्या अभियंत्यांनी आपापल्या कामाला साजेसं उत्तर काढलं. आपल्या यानाचं कौतुक करायला अपोलोला कमी लेखायची गरज नाही.

"नाहीतर मग अपोलो खोटं"

यावर फार शब्द खर्च करत नाही. अपोलो-११च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकावर आजही पृथ्वीवरून लेझर सोडून अंतर मोजलं जातं. आपल्या चांद्रयान-२च्या कॅमेऱ्यानं अपोलो-११ उतरलं ती जागा वरून टिपली आहे. आणि आपल्या विक्रमवर नासानं दिलेला एक छोटा लेझर परावर्तक बसवलेला आहे. डिसेंबर २०२३मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानानं त्यावर लेझर सोडून परतलेला प्रकाश टिपला. दोन मोहिमांना एकमेकींच्या विरोधात उभं करणाऱ्यांनी हे तरी लक्षात घ्यावं.

"रशियाचं यान मागून निघून आधी पोचणार होतं"

लुना-२५ ११ ऑगस्ट २०२३ला निघालं आणि १६ ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत गेलं. पाच दिवस. चांद्रयान-३नं पृथ्वी सोडल्यापासून चंद्राच्या कक्षेत शिरायलाही जवळजवळ पाचच दिवस घेतले. फरक पृथ्वीभोवतीच्या तयारीचा. लुना-२५चं वजन सुमारे १,७५० किलो, आपल्या निम्म्याहून कमी, आणि सोयुझ रॉकेटचा वरचा टप्पा त्याला थेट चंद्राच्या वाटेवर लावू शकत होता. १९ ऑगस्टला कक्षा बदलताना त्याचं इंजिन ८४ सेकंदांऐवजी १२७ सेकंद चाललं आणि ते चंद्रावर आदळलं. त्याचा त्याच्या घाईशी काही संबंध नाही. त्या दिवशी काही ग्रुपवर आनंद व्यक्त झाला तो मला आवडला नव्हता. दशकांनंतर चंद्राकडे निघालेल्या लोकांचं यान गेलं होतं.

शर्यतीच्या कल्पनेत एक गोष्ट हरवली. विक्रम उतरायची वेळ इस्रोच्या मर्जीनं ठरलेली नव्हती, ती सूर्यानं ठरवली होती. विक्रम आणि त्यातला प्रज्ञान रोव्हर सौरऊर्जेवर चालणारे. चंद्रावर एका ठिकाणी साधारण चौदा दिवस ऊन आणि चौदा दिवस रात्र. उतरायचं ते सूर्योदयाला, म्हणजे कामाला पूर्ण चौदा दिवस मिळतात. चंद्राच्या दक्षिणेकडे ६९ अंशांवर, जिथे उतरायचं होतं तिथे, २३ ऑगस्टच्या सुमारास सूर्य उगवत होता. मुहूर्त आधी ठरतो आणि मग वऱ्हाड कधी निघायचं ते ठरतं. पोचण्याची तारीख पक्की, त्यावरून निघण्याची तारीख मागे मोजत आणायची. थेट जाणारं रॉकेट असतं तर चांद्रयान-३ जुलैच्या मध्याला निघालंच नसतं, ऑगस्टमध्ये निघालं असतं, आणि उतरलं असतं त्याच सुमारास. अपोलोच्या तारखाही अशाच ठरल्या होत्या. उतरताना सूर्य क्षितिजापासून थोडाच वर हवा, म्हणजे दगडांच्या सावल्या लांब पडतात आणि जमिनीचा चढउतार अंतराळवीरांच्या डोळ्यांना कळतो.

आणि चंद्रावर उशिरा पोचणं हे मागासलेपणाचं लक्षण धरायचं, तर यादी मोठी होईल. अमेरिकेचं कॅपस्टोन नावाचं छोटं यान २८ जून २०२२ला निघालं आणि १३ नोव्हेंबरला चंद्राच्या कक्षेत गेलं. दक्षिण कोरियाचं दनुरी फाल्कन-९सारख्या तगड्या रॉकेटवरून निघून चार महिन्यांहून जास्त काळानं पोचलं. जपानचं स्लिम सप्टेंबर २०२३मध्ये निघालं, उतरलं जानेवारी २०२४मध्ये. युरोपच्या स्मार्ट-१नं विद्युत इंजिनाच्या अगदी नाजूक रेट्यावर २००३ ते २००४ असं वर्षाहून अधिक काळ घेतला. दनुरी आणि कॅपस्टोन तर मुद्दाम चंद्राच्या कितीतरी पलीकडे गेली, सूर्याच्या ओढीचा उपयोग करून परत फिरली आणि चंद्रापाशी इतक्या मंद गतीनं आली की थांबायला फार थोडं इंधन लागलं. चौकातल्या तिसऱ्या फेकीची ही आणखी हळुवार आवृत्ती.

"इंधन वाया गेलं"

हा मुद्दा शेवटी ठेवला, कारण याचं उत्तर यानानंच दिलं आहे.

पृथ्वीजवळच इंजिन चालवण्यानं इंधन वाचतं हे वर आलं. ते खरंच वाचलं का? १७ ऑगस्टला विक्रम वेगळा झाल्यावर प्रणोदन कक्ष चंद्राभोवती सुमारे दीडशे किलोमीटर उंचीवर राहिला. त्याचं मुख्य काम संपलं होतं. वर ठेवलेल्या एका उपकरणानं तिथून पृथ्वीचं निरीक्षण करायचं, एवढंच राहिलं होतं. महिनाभराच्या कामानंतर त्याच्या टाक्यांत शंभर किलोहून जास्त इंधन शिल्लक असल्याचं इस्रोनं सांगितलं. रॉकेटनं यानाला अचूक कक्षेत सोडलं आणि पृथ्वीभोवती व चंद्राभोवती इंजिन नेमक्या जागी चालवलं गेलं, म्हणून ते उरलं होतं.

त्या इंधनाचं काय करायचं, असा प्रश्न इस्रोच्या लोकांसमोर आला. उद्या चंद्रावरची माती पृथ्वीवर आणायची तर परतीचा रस्ता माहीत हवा. ९ ऑक्टोबरला त्यांनी कक्षेचं लांबचं टोक दीडशेवरून पाच हजार किलोमीटरच्या वर नेलं. १३ ऑक्टोबरला इंजिन पुन्हा चालवून यानाला पृथ्वीच्या वाटेला लावलं. चंद्राजवळून आणखी चार वेळा जाऊन १० नोव्हेंबरला ते चंद्राच्या ओढीच्या हद्दीबाहेर पडलं, आणि २२ नोव्हेंबरला पृथ्वीपासून १ लाख ५४ हजार किलोमीटरवरून गेलं. चंद्रावर पाठवलेल्या मोहिमेचा एक भाग, परत आणण्याचं मूळ नियोजन नसताना, उरलेल्या इंधनावर पुन्हा पृथ्वीभोवती फिरू लागला होता.